पंतांच्या खुर्चीवरचे रुमाल

शाल्मलीने पंतांना एवढंच विचारलं होतं, की आईचं यान कुठवर आलं. उत्तर म्हणून पंतांनी तिच्या डोक्यावर खोबरेल ओतलं.

पंत म्हणजे सोमवाडीचा संगणक. त्यांना डोळा होता, आवाज होता, आणि छताच्या रुळावरून इकडेतिकडे फिरणारा एक लांब यांत्रिक हात होता. तोच हात वाटी घेऊन सरसर आला. शाल्मलीच्या दोन वेण्यांच्या मधोमध त्याने तेल ओतलं आणि मन लावून मालिश सुरू केली. शाल्मली अकरा वर्षांची आणि तोंडाने तिखट. तिने हाताला दोन चापट्या मारल्या आणि हा काय चावटपणा चाललाय, असं पंतांना विचारलं.

पंत बराच वेळ गप्प राहिले. मग अतिशय अदबीने म्हणाले, "शाल्मलीताई, आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय. ही मालिश आपली नव्हे, बापूकाकांची आहे."

बापूकाका खोलीत नव्हतेच. सोमवाडीची सगळी यंत्रं दुरुस्त करणारे हे काका त्या वेळी पार पलीकडे, पाणी गाळायच्या टाकीखाली आडवे पडून पाना फिरवत होते. म्हणजे जो माणूस इथे नाही त्याची मालिश, जो माणूस इथे आहे त्याच्या डोक्यावर चालली होती. गेला महिनाभर हे असंच चाललं होतं. भूमितीचा धडा उघडावा तर मधेच कुणाचं तरी कीर्तन सुरू व्हायचं. पत्र लिहायला बसावं तर हात येऊन समोर ओल्या कुरडया मांडून जायचा. आणि पंत इतके मंद झाले होते, की उत्तर येईपर्यंत विचारणारा प्रश्न विसरून जेवायला गेलेला असायचा. पंत आजारी आहेत असं कुणी म्हणे, पंत म्हातारे झाले असं कुणी म्हणे, आणि शेजारच्या गोदाकाकूंच्या मते पंतांना दृष्ट लागली होती.

सोमवाडी ही चंद्रावरची सात घरांची वस्ती. चंद्राला हवेचं पांघरूण नाही, त्यामुळे अवकाशातून येणारे बारीक, भन्नाट वेगाचे कण तिथे थेट येऊन आदळतात आणि संगणकाच्या नाजूक पोटात बिघाड करतात. म्हणून तिथला संगणक जाडजूड कवचात बसवावा लागतो. असं जड कवच पृथ्वीवरून वाहून न्यायचं म्हणजे केवढा खटाटोप. तेव्हा सात घरांत मिळून एकच पंत.

आता तुम्ही म्हणाल, सात घरांत एकच संगणक म्हटल्यावर भांडणं होत असतील. होत होतीच. सोमवाडीतली मोठी माणसं इथे येण्याआधी जन्मभर एसटीने फिरलेली. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ही त्यांची सवय जवळजवळ चार लाख किलोमीटर प्रवास करूनही सुटली नव्हती. पंतांसमोरच्या खुर्चीवरून उठताना जो तो खुर्चीच्या पाठीवर आपला रुमाल टाकून जायचा. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली ओढणारं बळ) पृथ्वीच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढं. त्यामुळे लांबून फेकलेला रुमाल निवांत तरंगत खाली यायचा, आणि दोघांनी एकदम फेकले तर कुणाचा आधी टेकला यावरून जेवणं थंड व्हायची. ती खुर्ची आता खुर्ची कमी आणि वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी जास्त दिसत होती.

एवढ्यात पंतांचं उत्तर आलं.

"यान अगदी वेळेवर आहे," पंत म्हणाले. "मी नाही."

शाल्मलीने वेणीवरचं तेल पुसता पुसता याचा अर्थ विचारला, आणि पंतांनी तो सांगितला. तिची आई सोमवाडीची डॉक्टर. मोडलेली हाडं जोडायची नवी पद्धत शिकायला ती आठ महिन्यांपूर्वी पृथ्वीवर गेली होती आणि आज परत येत होती. तिचं यान आता चंद्राभोवती फेऱ्या मारत होतं. तिसऱ्या फेरीला ते खाली उतरायचं होतं. उतरताना वेग किती कमी करायचा, कुठे वळायचं, हे क्षणोक्षणी सांगणारा 'वाटाड्या' नावाचा प्रोग्रॅम पंतांच्या पोटात होता. पण वाटाड्या सुरू व्हायला पंतांची अर्धी मेमरी (चालू काम मांडून ठेवायची तात्पुरती जागा) मोकळी लागते, आणि पंतांकडे जेमतेम एक कोपरा मोकळा होता.

वाटाड्या सुरू झाला नाही तर यानाला धोका नव्हता. ते सरळ डोंगरापलीकडच्या दुसऱ्या वस्तीवर जाऊन उतरलं असतं. पण सोमवाडीवरचा सूर्य उद्या मावळणार होता, आणि चंद्रावर सूर्य एकदा मावळला की पृथ्वीवरचे चौदा-पंधरा दिवस रात्रच असते. उन्हावर चालणाऱ्या गाड्यांना डोंगर ओलांडायला दोन दिवस लागतात, आणि रात्री त्या चालत नाहीत. म्हणजे आई पलीकडे, शाल्मली अलीकडे, आणि मधे पंधरा दिवसांचा अंधार. आठ महिने तिने कसेबसे काढले होते. आता एक दिवससुद्धा जास्त काढायची तिची तयारी नव्हती.

ती धावतच आप्पाआजोबांकडे गेली. आप्पाआजोबा तिच्या आईचे वडील आणि मोठे संगणकशास्त्रज्ञ. पंतांना त्यांनीच घडवलं होतं, पंतांच्या बोलण्यातली अदबही त्यांनीच घातली होती. स्वतःकडे मात्र थोडीही ठेवली नव्हती. प्रश्नाला सरळ उत्तर देणं त्यांच्या जिवावर यायचं. शाल्मलीने एका दमात सगळं सांगितलं, तर त्यांनी उलट तिलाच विचारलं, की भाकरी कुठे थापतात.

"ओट्यावर," शाल्मली वैतागून म्हणाली. "आजोबा, आई येतेय आणि तुम्ही भाकरी काय काढलीत?"

आजोबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. पीठ कुठे असतं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. पीठ कपाटात. मग थापताना पीठ, परात, पाण्याचं भांडं सगळं कपाटातून काढून ओट्यावर मांडायचं, काम झालं की ओटा पुसायचा आणि सगळं परत कपाटात ठेवायचं, बरोबर? बरोबर. संगणकाचंही हेच. त्याची साठवण (जिथे माहिती कायम राहते ती जागा) म्हणजे कपाट. ते भलं मोठं असतं, पण तिथल्या तिथे काम करता येत नाही. मेमरी म्हणजे ओटा. सगळं काम तिथे चालतं, पण ओटा लहान असतो. पंतांमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं आहे, म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं कपाट. आपलं नाव आणि पासवर्ड सांगितला की आपलंच कपाट उघडतं, दुसऱ्याचं नाही. पण ओटा सगळ्यांत मिळून एक.

आजोबा एवढं बोलून थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले. शाल्मलीला राग आला होता, पण डोकं चालायचं थांबलं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर खुर्चीच्या पाठीवरचे रुमाल आले.

"आजोबा, आपण उठतो तेव्हा पंत काहीतरी विचारतात. लॉगआउट करताय, की नुसता माणूस बदलायचाय."

"मग? तू काय सांगतेस?"

"सगळे सांगतात तेच. नुसता माणूस बदलायचा."

नुसता माणूस बदलला, तर आधीच्या माणसाचं खातं उघडंच राहतं. पडद्यावर नवा माणूस दिसतो, पण जुन्याची परात, पीठ, पाणी, अर्धी थापलेली भाकरी सगळं ओट्यावर तसंच असतं. लॉगआउट (आपलं काम आवरून खात्यातून बाहेर पडणं) केलं तरच ओटा रिकामा होतो. सोमवाडीतल्या शहाण्या माणसांना वाटत होतं, की लॉगआउट म्हणजे एसटीतला रुमाल उचलणं. एकदा उचलला की जागा गेली, मग मागून येणारा आपल्या खात्यात ऐसपैस बसणार. म्हणून सगळ्यांनी आपापली खाती उघडी ठेवून जागा धरून ठेवल्या होत्या. आणि उघड्या खात्यातली कामं थांबत नाहीत, ती पडद्यामागे चालूच राहतात. बापूकाका रोज या वेळी मालिश करून घ्यायचे. त्यांचं खातं उघडं, म्हणून हात वेळेवर हजर झाला. खुर्चीत कोण बसलंय याची हाताला काय पडली होती?

कोडं सुटलं, पण यानाची पहिली फेरी संपत आली होती. आजोबांनी भोंग्यावरून सगळ्यांना बोलावलं. बाबा उतरणतळावर अवकाशपोशाख चढवून तयार उभे होते, ते सोडून सगळी सोमवाडी पंतांच्या खोलीत जमली. शाल्मली खुर्चीवर उभी राहिली आणि तिने प्रत्येकाने ताबडतोब लॉगआउट करावं असं जाहीर केलं.

कुणी जागचं हललं नाही. सगळे एकमेकांच्या रुमालांकडे बघायला लागले.

सगळ्यात आधी गोदाकाकू बोलल्या. सोमवाडीचा भाजीमळा आणि स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. त्यांच्या कुरडया दिव्याखाली वाळत होत्या आणि दर थोड्या वेळाने त्या उलटायचं काम पंतांच्या हाताकडे होतं. त्या म्हणाल्या, की आधी या बापूला उठवा, मग मी उठते. बापूकाका म्हणाले, की काकूंच्या आधी मी उठणार नाही, कारण मागे एकदा उठलो तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काय झालं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण वाद घालायला तेवढं पुरेसं होतं. मागून कुणीतरी सुचवलं, की सगळ्यांनी एक-दोन-तीन म्हणून एकदम उठावं. त्यावर तीन कुणी म्हणायचं, यावरून दोन तट पडले.

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. पण रडत बसायला वेळ नव्हता. तिने गोदाकाकूंचा हात धरून त्यांना पंतांसमोर बसवलं. काकू, तुमचं कपाट तुमचंच आहे, तुम्ही ओट्यापासून बाजूला झालात म्हणून कपाटाला पाय फुटत नाहीत, असं तिने सांगून पाहिलं. काकूंना ते पटेना. शेवटी तिने एक प्रयोग करायचं ठरवलं. काकूंनी लॉगआउट करायचं, शंभर आकडे मोजायचे आणि पुन्हा आपल्या खात्यात शिरून बघायचं.

काकूंनी देवाचं नाव घेऊन लॉगआउट केलं. मग त्यांनी एवढ्या घाईने आकडे मोजले, की साठच्या पुढे थेट नव्वद आले. पासवर्ड सांगताना त्यांनी सगळ्यांना कानांत बोटं घालायला लावली. खातं उघडलं. पाककृती जागच्या जागी होत्या, भाचीचे फोटो होते, कुरडया कितव्या वेळी उलटल्या तेही होतं. काकूंनी सगळं दोनदा तपासलं, पुन्हा लॉगआउट केलं आणि उठून आपला रुमाल कमरेला खोचला. मग त्या बाकीच्यांकडे वळल्या. त्यानंतर शाल्मलीला फारसं बोलावं लागलं नाही, कारण गोदाकाकूंना एकदा एखादी गोष्ट पटली की ती न पटणाऱ्यांची धडगत नसते.

एकेक रुमाल निघायला लागला. बाबांनीही उतरणतळावरून रेडिओवर सांगून आपलं खातं बंद करून घेतलं. बापूकाकांची अडचण मात्र वेगळीच निघाली. पंतांशी चाललेला त्यांचा बुद्धिबळाचा एक डाव गेले तीन महिने उघड्या खात्यात भिजत पडला होता. वजीर गेला होता, दोन्ही हत्ती गेले होते, आणि लॉगआउट केलं की पंत डाव संपला असं धरून बापूकाका हरले अशी नोंद करणार होते. डाव जतन करता येतो (म्हणजे ओट्यावरचं काम आहे तसं कपाटात ठेवता येतं), हे शाल्मलीने त्यांना दाखवलं. बापूकाकांनी डाव जतन केला. तो कधीच उघडणार नाही, असा निश्चय त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

सगळ्यांचं झाल्यावर पंतांनी घसा साफ केल्यासारखा आवाज काढला आणि अजून एक फार जुनं खातं उघडं असल्याचं नम्रपणे सांगितलं. ते पंतांना खोक्यातून बाहेर काढलं त्या दिवसापासून एकदाही बंद झालेलं नव्हतं. कुणाचं म्हणून विचारल्यावर पंतांनी अदबीने नाव सांगायचं टाळलं, पण आप्पाआजोबांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या सगळ्यांनी पाहिल्या. आजोबा पंतांबद्दल एक माहितीपुस्तक लिहीत होते. ते पहिल्या प्रकरणापुढे सरकलंच नव्हतं. त्या प्रकरणाचं नाव होतं 'लॉगआउटचे महत्त्व'.

लोक हसले. बापूकाका तर वजीर परत मिळाल्यासारखे हसले. आजोबांनी कपाळाला आठ्या घालून प्रकरण जतन केलं, लॉगआउट केलं आणि वाटाड्या सुरू करायला सांगितलं.

"मेमरी अजून अपुरी आहे," पंत म्हणाले.

हसणं थांबलं. यान दुसऱ्या फेरीवर होतं आणि तीही अर्धी झाली होती. सगळ्यांचे रुमाल तर निघाले होते, मग ओट्यावर राहिलं काय? पंतांनी पडद्यावर उघड्या खात्यांची नावं दाखवली. तिथे एकच नाव होतं. 'पाहुणा.' आणि त्या एका खात्याने सगळ्यांनी मिळून खाल्ली नसेल एवढी मेमरी खाल्ली होती.

एकच गलका झाला. सोमवाडीत कित्येक महिन्यांत पाहुणा आला नव्हता. गोदाकाकू म्हणाल्या, की कोण तो मेला, त्याला शोधून काढा. बापूकाकांना परग्रहावरच्या प्राण्याचा संशय आला आणि ते पाना हातात घेऊन दाराशी जाऊन उभे राहिले. शाल्मली मात्र हळूच मागे सरकली होती आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"मी आहे," ती म्हणाली. "पाहुणा मी आहे."

आईसाठी ती एक चित्रपट बनवत होती. आठ महिन्यांत आईच्या मागे घरात जे जे घडलं ते सगळं हलत्या चित्रांत. मळ्यातला पहिला टोमॅटो लाल झाला तो दिवस. तिची शेवटची दुधाची दाढ पडली तो दिवस. बाबांनी भाकरी उलटायला हवेत उडवली आणि ती छताला चिकटली तो दिवस. हे स्वतःच्या खात्यात करायची सोय नव्हती. मुलांच्या खात्यात काय चाललंय ते आजोबांना दिसायचं, आणि आजोबांच्या पोटात काही राहत नसे. ते आईला लगेच कळवून मोकळे झाले असते. म्हणून तिने 'पाहुणा' नावाचं खातं धरलं. दोन महिने रोज थोडं थोडं काम करून ती उठायची, आणि रोज पंतांना सांगायची, की नुसता माणूस बदलायचाय.

आजोबा तिच्याजवळ आले. या वेळी त्यांनी उलटा प्रश्न विचारला नाही. पाहुणा खातं हे ज्याचं इथे कपाट नाही अशा माणसासाठी असतं, हे त्यांनी तिला सावकाश सांगितलं. पाहुण्याला ओटा मिळतो, कपाट मिळत नाही. तो बाहेर पडला की पंत ओटा स्वच्छ पुसून टाकतात, म्हणजे पुढच्या पाहुण्याला आधीच्याचं काही दिसू नये. हे शाल्मलीला अर्धवट माहीत होतं. म्हणून तर तिने दोन महिने लॉगआउट केलं नव्हतं. आत्ता खुर्चीवर उभं राहून ती सगळ्यांना शिकवत होती, तेव्हा हे तिला एकदाही आठवलं नव्हतं. तिला फार लाज वाटली.

एक मार्ग होता. पंतांमध्ये एक सामाईक फळी होती (सगळ्यांना काहीही ठेवता आणि काढता येईल अशी साठवणीची जागा). चित्रपट तिथे ठेवता आला असता. पंतांनी लगेच ठेवायला सुरुवातही केली. पण चित्रपट भलामोठा, ओटा भरलेला आणि पंत दमलेले. सुरुवातीचा एक लहानसा तुकडा फळीवर गेला आणि काम रांगायला लागलं. पूर्ण व्हायला किती वेळ लागेल असं आजोबांनी विचारलं. पंत म्हणाले, की तोवर यान डोंगरापलीकडे उतरून ते चालवणाऱ्यांचा चहासुद्धा पिऊन झालेला असेल.

"मी व्यवस्थापक आहे," आजोबा शाल्मलीला म्हणाले (व्यवस्थापक म्हणजे संगणकाच्या सगळ्या चाव्या ज्याच्याकडे असतात तो). "कुणाचंही खातं मला इथून बंद करता येतं. पण काम तुझं आहे. ते मी पुसणार नाही. काय करायचं ते तू सांग."

मघाशी शाल्मलीने ज्यांना ज्यांना झापलं होतं ते सगळे समोर होते, पण चिडवायची इच्छा कुणालाच झाली नाही. गोदाकाकूंनी तर रुमाल डोळ्यांना लावला होता. शाल्मलीने पडद्याकडे पाहिलं. लाल टोमॅटो तिथे हलत होता. त्याची चकाकी जमायला तिला तीन दुपारी लागल्या होत्या.

"पंत, मला लॉगआउट करायचंय."

"शाल्मलीताई, आपण बाहेर पडलात तर या खात्यातलं सगळं पुसलं जाईल. ते परत मिळणार नाही. नक्की बाहेर पडायचं?"

"नक्की."

टोमॅटो गेला. पंतांचा पडदा क्षणभर कोरा झाला, आणि पुढच्याच क्षणी वाटाड्या सुरू होऊन यानाशी बोलायलाही लागला, इतका झटपट की बापूकाका दचकले. महिनाभरात पंतांचं कुठलंही काम एवढ्या वेगाने झालं नव्हतं. शाल्मली मात्र आजोबांच्या सदऱ्यात तोंड खुपसून उभी होती.

तिसऱ्या फेरीला यान सोमवाडीवर उतरलं. आई बाबांच्या मागून आत आली ती उड्या मारतच, कारण आठ महिने पृथ्वीच्या ओढीत राहून तिचे पाय इथली चाल विसरले होते. लेकीकडे जायला तिने एक पाऊल जोरात टाकलं, ती सरळ वर गेली आणि छताच्या रुळावर डोकं आपटून खाली आली. मग बराच वेळ दोघी एकमेकींना सोडायला तयार नव्हत्या.

चहा झाल्यावर आईने पंतांना आपलं नाव आणि पासवर्ड सांगितला. तिचं खातं चुटकीसरशी उघडलं. अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक त्याच पानावर होतं, आणि मागच्या बाजूला शाल्मलीचा पुढचे दोन दात नसलेला जुना फोटोही तसाच होता. सोमवाडीतल्या सगळ्या मोठ्या माणसांत निघताना रीतसर लॉगआउट केलेली ही एकटीच. आठ महिने तिने ओट्यावरची बोटभर जागासुद्धा अडवली नव्हती, आणि तरी तिचं काही कुठे गेलं नव्हतं. बापूकाका वाकून वाकून ते बघत होते. आजोबांनी तिथेच ठरवलं, की माहितीपुस्तक पुरं करायचं. पुढच्या वर्षी मंगळाकडे चाळीस माणसं जाणार होती. त्यांनाही संगणक एकच मिळणार होता, आणि रुमाल तर ते नेणारच होते.

मग शाल्मलीने सामाईक फळीवर वाचलेला तुकडा आईला दाखवला. त्यात चित्रपटाचं नाव होतं, 'आई नव्हतीस तेव्हा'. खाली 'लेखन, चित्रं, आवाज आणि सगळं : शाल्मली' असं होतं. एवढ्यावर तुकडा संपला.

"पुढे?" आईने विचारलं.

पुढे काही नव्हतं. म्हणून शाल्मली उठून पडद्यासमोर उभी राहिली आणि तोंडाने सांगायला लागली. टोमॅटो कसा लाल झाला ते तिने गाल फुगवून दाखवलं. भाकरी छताला चिकटली तेव्हा बाबांचा चेहरा कसा झाला होता ते केलं, तेव्हा बाबांना ठसका लागला. दाढेची गोष्ट सांगताना तिने तोंड उघडून रिकामी जागाही दाखवली. सांगता सांगता ती मधेच थांबली. मग खाली बघत म्हणाली, की तुझा दुसरा अवकाशपोशाख दाराशी टांगलेला असायचा ना, काही काही दुपारी मी त्याच्या हातमोज्यात हात घालून बसायची. कधी कधी रडायची पण. हे चित्रपटात नव्हतं.

आईने तिला जवळ ओढून घेतलं. चित्रपट पुन्हा करायचा, असं तिने सांगितलं. दोघींनी मिळून करायचा, शाल्मलीच्याच खात्यात, आणि रोज उठताना जतन करून लॉगआउट करायचं. आजोबांना कळलं तरी आता हरकत नव्हती. पण हातमोज्याचा भाग त्यात आलाच पाहिजे, ही आईची अट होती.

शाल्मली म्हणाली, की घेऊ, पण मला रडायचं नाटक जमणार नाही.

"ते काम माझं," आई म्हणाली, आणि चित्रपटाची वाट न बघता तिने ते तिथेच सुरूही केलं.